पॉईंटवर काशी: आधी थकलेलं बिल, मग विमान

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मिस्टरांचं नवी पेठेत चादरी-टॉवेलचं दुकान आहे. माझ्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. पहिल्यावर तीन वर्षांत 24,000 पॉईंट साठलेत. दुसऱ्यावर गेल्या वर्षी फ्रिज घेतला आणि मुलीच्या क्लासची फी भरली. त्यातले 40,000 रुपये अजून थकलेत, दर महिन्याला मी किमान रक्कम भरते. शाळेतल्या एक बाई पॉईंटवर विमानानं फिरून आल्या, तेव्हापासून डोक्यात आहे की येत्या दिवाळीच्या सुट्टीत सासूबाईंना काशीला न्यावं. आम्ही चौघं जाऊ. मिस्टर म्हणतात, दुकानाचा मालही कार्डावर घेऊ, पॉईंट भराभर वाढतील. इकडे बँकेच्या कॅटलॉगमध्ये मिक्सर दिसतोय. तो घेऊन मोकळं व्हावं, की थांबावं? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार. मिक्सर घेऊ नका. तो का घेऊ नये ते खाली सांगतो, पण त्याआधी तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलेल्या 40,000 रुपयांबद्दल बोलायला हवं. काशीचं तिकीट त्यातच अडकलं आहे.

क्रेडिट कार्डाचं थकलेल्या रकमेवरचं व्याज साधारण महिना 3 ते 3.75 टक्के असतं. साडेतीन टक्के धरा. 40,000 वर महिन्याला 1,400 रुपये व्याज, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 252 रुपये. झाले 1,652. किमान रक्कम बहुतेक कार्डांवर थकबाकीच्या 5 टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे तुम्ही 2,000 रुपये भरत असाल. त्यातून मुद्दल फिटतं जेमतेम 350 रुपये. शिल्लक जवळपास तेवढीच राहिली तर वर्षाला 19,000 रुपयांहून जास्त नुसत्या व्याजात जातात. तीन वर्षं जपून जमवलेल्या 24,000 पॉईंटना प्रत्येकी 50 पैसे असा चांगला भाव मिळाला तरी ते 12,000 रुपयांचे होतात. एका कार्डानं तीन वर्षांत दिलं, त्याहून जास्त दुसरं कार्ड एका वर्षात घेऊन जातंय.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती बिलावर बारीक अक्षरात असते म्हणून नजरेतून सुटते. कार्डावर थकबाकी असली की नव्या खरेदीला व्याजमुक्त दिवस मिळत नाहीत. त्या कार्डावर आज 800 रुपयांचा किराणा घेतला, तर व्याज आजपासूनच सुरू. म्हणून ते दुसरं कार्ड आजपासून खरेदीला वापरू नका, आणि फोनवर जिथे जिथे त्याचा नंबर साठवला आहे तिथून काढून टाका.

आता ही रक्कम फेडायची कशी? तुम्ही शिक्षिका आहात, म्हणजे बहुधा शिक्षकांच्या पतसंस्थेच्या सभासद असाल. तिथलं साधं कर्ज हा सगळ्यात सरळ मार्ग. समजा 11 टक्के वार्षिक दरानं 40,000 रुपये वर्षासाठी घेतले, तर हप्ता सुमारे 3,535 रुपये पडतो आणि वर्षभराचं सगळं व्याज 2,400 रुपयांच्या आसपास. हप्ता पगारातूनच कापला जात असेल तर विसरायचीही भीती नाही. पतसंस्थेत जमत नसेल तर कार्डाच्या बँकेला थकबाकी हप्त्यांत बदलून मागा. तिथे दर जास्त असतो, वर प्रक्रिया शुल्क आणि जीएसटी लागतो, पण साडेतीन टक्के महिन्यापेक्षा तेही पुष्कळ बरं. मागताना दोन आकडे लिहून घ्या: सगळं मिळून किती भरावं लागेल, आणि मधेच एकरकमी फेडलं तर दंड किती.

पहिल्या कार्डाला ऑटो-पे लावलं असेल तर एकदा उघडून बघा. तिथे ‘किमान रक्कम’ आणि ‘पूर्ण रक्कम’ असे दोन पर्याय असतात, आणि पुष्कळांचं नकळत किमान रकमेवर लावलेलं असतं. पूर्ण रकमेवर करा. बिलाची तारीख पगाराच्या आधी येत असेल तर ती बदलून मागा. बिलाचं चक्र निदान एकदा बदलून देण्याची सोय बँकांनी ठेवलीच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शिक्षकांचा पगार पुढेमागे होतो, तेव्हा बिल भरायची शेवटची तारीख पगारानंतर आठ-दहा दिवसांनी येईल असं बघा.

एवढं झालं की मग पॉईंट.

पॉईंटला स्वतःची किंमत नसते. तो कुठे खर्च करता त्यावर ती ठरते. एकाच कार्डाचा एकच पॉईंट बिलात वळता केला तर 20 पैशांचा, कॅटलॉगमधल्या वस्तूवर 25 ते 35 पैशांचा आणि बँकेच्या प्रवासाच्या पोर्टलवर विमान किंवा हॉटेलसाठी 50 पैशांचा, असं सर्रास असतं. तुमच्या 24,000 पॉईंटचे म्हणजे बिलात 4,800, मिक्सरमध्ये फार तर 8,400 आणि विमानात 12,000 रुपये. शिवाय कॅटलॉगमधल्या मिक्सरची किंमत छापील किमतीवर धरलेली असते. तोच मिक्सर दुकानात कितीला मिळतो ते विचारलंत तर पॉईंटचा खरा भाव आणखी खाली येतो. तुमच्या कार्डाचे दर बँकेच्या ॲपमध्ये रिवॉर्ड्सच्या पानावर सापडतील. तिथेच ‘मुदत संपणारे पॉईंट’ हाही आकडा बघा. पुष्कळ कार्डांवर पॉईंट दोन किंवा तीन वर्षांनी बाद होतात. तीन वर्षांपूर्वीचे पॉईंट तुमच्याकडे आहेत, तेव्हा त्यातले काही दिवाळीच्या आत संपत असतील. तसं असेल तर थांबू नका. विमानाचं तिकीट बरंच आधी काढता येतं, तेव्हा संपायच्या आधी ते तिकिटात वापरा.

आता 50 पैसे हा कागदावरचा भाव झाला. हातात तेवढाच पडतो असं नाही, कारण बँकेच्या पोर्टलवर तेच विमान विमान कंपनीच्या स्वतःच्या साईटपेक्षा महाग दिसू शकतं. उदाहरण घेऊ. पुण्याहून वाराणसीचं एका बाजूचं तिकीट कंपनीच्या साईटवर 5,800 आणि बँकेच्या पोर्टलवर 6,300 आहे असं समजा. चौघांचे पोर्टलवर 25,200 झाले. 24,000 पॉईंट लावले, 12,000 कमी झाले, तुमच्या खिशातून गेले 13,200. पण पॉईंट नसते तर तुम्ही कंपनीच्या साईटवरून 23,200 मध्येच तिकिटं काढली असती. म्हणजे वाचले 10,000, आणि पॉईंट पडला 42 पैशांना. शंभर-दोनशे रुपये पॉईंट वापरण्याचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी असेल तर आणखी थोडा खाली. दर वेळी हाच हिशोब करा: बाहेर मिळणारा सगळ्यात स्वस्त भाव, त्यातून खिशातले गेलेले पैसे वजा, उरलेल्याला पॉईंटनी भागा. 40 पैशांच्या वर येत असेल तर बिनधास्त वापरा. 30 च्या खाली येत असेल तर दुसरा दिवस किंवा दुसरी वेळ बघा. तुलना करताना विमान तेच हवं, वेळ तीच हवी, आणि सामानाचं वजनही तेच. स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात कधी कधी चेक-इन सामान धरलेलंच नसतं.

पूर्ण तिकीट पॉईंटवर निघेल अशी आशा ठेवू नका. पुष्कळ बँका तिकिटाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंतच पॉईंट लावू देतात, बाकीचे पैसे त्याच कार्डानं भरावे लागतात. तुमच्या सहकारी पॉईंटवर फिरून आल्या, त्यांनी बहुधा दुसरा मार्ग घेतला असेल: कार्डाचे पॉईंट विमान कंपनीच्या खात्यात वळवायचे आणि तिथे मैलांवर, म्हणजे विमान कंपनीच्या स्वतःच्या पॉईंटवर, तिकीट काढायचं. एअर इंडियाचं महाराजा क्लब, इंडिगोचं ब्ल्यूचिप हे असे कार्यक्रम आहेत. तिथेही कर आणि शुल्क रोख भरावंच लागतं, पण सुट्टीत रोखीचे भाव चढलेले असताना एका पॉईंटला 50 पैशांपेक्षा जास्त मोल मिळू शकतं. सगळी कार्डं सगळ्या कंपन्यांकडे पॉईंट पाठवत नाहीत, तेव्हा आधी तुमच्या कार्डाची यादी बघा.

या मार्गावर माणसं अडकतात ती एकाच ठिकाणी. पॉईंट आधी वळवतात, सीट नंतर शोधतात. वळवलेले पॉईंट परत कार्डावर येत नाहीत. दिवाळीत मैलांवरच्या सीटा मोजक्याच असतात आणि चार जणांसाठी एकाच विमानात चार सीटा मिळणं अवघडच. म्हणून क्रम उलटा ठेवा. विमान कंपनीच्या कार्यक्रमात खातं उघडा, ते फुकट असतं. नाव कार्डावर जसं आहे अक्षराला अक्षर तसंच टाका, नाहीतर पॉईंट अडकतात. मग चौघांच्या सीटा मैलांवर दिसतात का ते बघा, किती मैल लागतात ते लिहा, आणि मगच तेवढेच पॉईंट वळवा. पॉईंट पोचायला काही मिनिटंही लागतात आणि काही दिवसही, त्या दिवसांत सीट जाऊ शकते हा धोका राहतोच. तुमच्या 24,000 मध्ये चौघांचं जाणं-येणं मैलांवर बसणं कठीण आहे. पहिल्या खेपेला बँकेच्या पोर्टलचा सरळ मार्ग घ्या, असं आमचं मत.

आता मिस्टरांचा प्रस्ताव. दुकानाचा माल कार्डावर घेणं हे ऐकायला बरोबर वाटतं, पण व्यापारी कार्ड घासताना दोन टक्के वर मागतो तिथे सगळं बिघडतं. तुमचं कार्ड 150 रुपयांना 4 पॉईंट देतं असं धरा, आणि पॉईंट 50 पैशांचा, म्हणजे 100 रुपयांमागे सव्वा रुपयाच्या थोडं वर, 1.33. लाखाच्या मालावर तुम्ही 2,000 जास्त द्याल आणि चांगल्यात चांगलं 1,333 परत मिळवाल. व्यापारी वर काही मागत नसेल, तरी विचारा की रोखीनं किंवा बँकेतून दिले तर वटाव, म्हणजे सूट, किती. कापडाच्या धंद्यात रोखीच्या वटावाची पद्धत मुरलेली आहे, आणि दीड टक्का वटाव सोडून 1.33 चे पॉईंट घेण्यात काय मिळालं? शिवाय घरगुती कार्ड धंद्यासाठी वापरणं बहुतेक बँकांच्या अटींत बसत नाही. एकाच व्यापाऱ्याकडे मोठ्या रकमा दिसल्या की पॉईंट अडवतात, कधी कार्डच बंद करतात. मिस्टरांना हवंच असेल तर दुकानाच्या नावानं व्यवसायाचं वेगळं कार्ड घ्यावं. नातेवाइकांच्या खरेद्या तुमच्या कार्डावर करून देणंही टाळा. एका आर्थिक वर्षात कार्डाचं बिल 10 लाख वा त्याहून जास्त भरलं गेलं, किंवा 1 लाख वा त्याहून जास्त रोखीनं भरलं, तर बँक ते प्राप्तिकर खात्याला कळवते. दुसऱ्याच्या खरेदीचा खुलासा मग तुम्हाला करावा लागतो.

घरखर्चावर काय मिळतं? तुमचा कार्डावर जाऊ शकेल असा खर्च महिना 30,000 धरला, तरी सगळ्यावर पॉईंट मिळत नाहीत. पेट्रोल, घरभाडं, वॉलेटमध्ये पैसे भरणं, सरकारी कर, हप्त्यांवरची खरेदी यांवर बहुतेक कार्डं पॉईंट देत नाहीत. विमा आणि लाईट बिलावर मर्यादा असते. फी एखाद्या ॲपमधून भरली तर वर एक टक्का शुल्कही लागू शकतं. उरले 18,000. महिन्याला 480 पॉईंट, वर्षाला 5,760, म्हणजे 2,880 रुपये. आता कार्डाचं वार्षिक शुल्क बघा. 2,500 असेल तर जीएसटीसह 2,950. म्हणजे 70 रुपये घरातून गेले! पण ठरावीक खर्च झाला की शुल्क माफ होतं. तो आकडा किती, तुम्ही त्याच्या किती जवळ आहात, हे शुल्क लागायच्या दोन महिने आधी बघा. थोडकंच कमी पडत असेल तर वर्षाचा विम्याचा हप्ता किंवा शाळेच्या गणवेशाची खरेदी त्याच काळात करा, मात्र तो खर्च त्या माफीसाठी मोजला जातो ना हे आधी पाहून. फार कमी पडत असेल तर शुल्क नसलेलं कार्ड मागा. आणि कार्ड बंद करायचं ठरलं तर आधी पॉईंट संपवा, बंद झालं की ते जातात. सगळी बाकी भरलेली असताना लेखी अर्ज दिल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं नाही, तर बँकेला दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला द्यावा लागतो.

पॉईंट 150 रुपयांच्या पूर्ण टप्प्यावर मोजले जातात, हेही ध्यानात घ्या. 290 रुपयांच्या बिलाला एकाच टप्प्याचे पॉईंट. दूध, भाजी, चहा असले लहान खर्च कार्डावर टाकून फारसं काही जमत नाही. महिन्याचा किराणा एकदाच घेतला तर जमतं. नवी पेठेत, मधल्या मारुतीजवळ छोट्या दुकानांत कार्डाचं यंत्र नसतं, तिथे रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून क्यूआर स्कॅन करता येतो. तो क्यूआर दुकानाच्या नावाचा हवा, मालकाच्या स्वतःच्या खात्याचा असेल तर क्रेडिट कार्डानं पैसे जात नाहीत. यूपीआयवर पॉईंट किती, हे मात्र कार्डागणिक बदलतं.

सोलापूरकरांना एक वेगळीच गोष्ट सुचवावीशी वाटते. मिस्टरांना दुकानासाठी पुण्या-मुंबईला वरचेवर जावं लागत असेल, तर तुमच्या घरासाठी विमानापेक्षा रेल्वेचं कार्ड जास्त कामाचं ठरेल. एसबीआयच्या आयआरसीटीसी कार्डावर एक पॉईंट म्हणजे रेल्वेच्या तिकिटातला एक रुपया, आणि वातानुकूलित डब्यांची तिकिटं आयआरसीटीसीच्या साईटवरून किंवा ॲपवरून काढली तर 10 टक्क्यांपर्यंत पॉईंट मिळतात. कार्डानं तिकीट काढताना लागणारं एक टक्का शुल्कही माफ होतं. वर्षाला एसी चेअर कार आणि थ्री टियरवर 20,000 जात असतील तर 2,000 रुपये पुन्हा तिकिटातच येतात. त्याच्या साध्या प्रकाराचं वार्षिक शुल्क काही शेकड्यांत आहे. सोलापूर-मुंबई वंदे भारत फेब्रुवारी 2023 मध्ये सुरू झाल्यापासून पुण्याला दिवसा जाऊन येणारे पुष्कळ झालेत, त्यांच्यासाठी हा हिशोब जमतो.

काशीचा मार्ग. पुणे आणि हैदराबाद, दोन्ही विमानतळ बघा. पुणे सुमारे 250 किलोमीटर, हैदराबाद सुमारे 310, आणि भाव एका दिवसात एकीकडून दुसरीकडे हजार-दीड हजारानं हलतो. चौघांत तो फरक मोठा होतो. सोलापुरातल्या होटगी रोडच्या विमानतळावरूनही 2025 पासून विमानं सुटू लागली आहेत. तिकडून मुंबईमार्गे जमतं का ते पाहायला हरकत नाही, पण लहान कंपन्यांची विमानं बँकेच्या पोर्टलवर दिसतात का ते आधी तपासा. पुण्याहून जायचं ठरलं तर सकाळची गाडी आणि दुपारचं विमान असं घट्ट नियोजन करू नका. गाडी आणि विमान वेगवेगळ्या तिकिटांवर आहेत. हुतात्मा एक्सप्रेस दोन तास उशिरा पोचली आणि विमान गेलं, तर कुणीही पैसे परत देत नाही, पॉईंटही जातात. चेक-इनचा काउंटर सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो, आणि पुणे स्टेशन ते लोहगाव रस्त्यावर गर्दीच्या वेळी भरवसा नसतो. गाडी पोचण्याची वेळ आणि विमानाची वेळ यांत पाच तास ठेवा, नाहीतर आदल्या रात्री पुण्यात नातेवाइकांकडे मुक्काम करा.

शाळेची सुट्टी लागते त्या दिवशी आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भाव सर्वांत चढे असतात. मधल्या दिवसांत बघा. काशीची देवदिवाळी कार्तिक पौर्णिमेला, म्हणजे दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी असते. त्या दिवसांत काशीत हॉटेलचे भाव फार चढतात, तेव्हा तिकडे न गेलेलंच बरं. परतीला रेल्वे घ्यायची असेल तर आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडून ठेवा.

पॉईंट वापरताना एक धोका मोठा आहे. ‘तुमचे 9,850 पॉईंट आज रात्री संपतील, इथे क्लिक करा’ असे मेसेज येतात, व्हॉट्सॲपवर ॲपची फाईलही येते. पॉईंट वाचवायला कोणतीही बँक ओटीपी फोनवर विचारत नाही, ॲप व्हॉट्सॲपवर पाठवत नाही. शंका आली तर कार्डाच्या मागच्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर.

राहिल्या सासूबाई. त्यांना विमानतळावर चालणं जड जात असेल तर व्हीलचेअर निदान 48 तास आधी नोंदवा. बँकेच्या पोर्टलवर तिकीट काढलं तर तिथे तो पर्याय बहुधा दिसणार नाही. मेलवर आलेला पीएनआर आणि आडनाव घेऊन विमान कंपनीच्या साईटवर जा, तिथे ‘विशेष मदत’ या ठिकाणी नोंद होते. तिकिटावर त्यांचं नाव आधार कार्डावर जसं आहे तसंच टाका. आधारवर वडिलांचं किंवा पतीचं नाव मधे असेल आणि पोर्टलवर फक्त नाव-आडनावाच्या दोनच रकाने असतील, तर मधलं नाव पहिल्या रकान्यात नावाला जोडून लिहा.